तुमचा साधा मंगळवार लिहा

अबोली · रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

बहिणीचा मुलगा बारावी होऊन बार्शीहून आमच्याकडे कर्वेनगरला आलाय. सीईटीचा निकाल लागला, आता इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे प्रवेश फेरीचे, ऑप्शन भरायचेत. गेला आठवडाभर घरी येणारा प्रत्येक जण त्याला सल्ला देतोय. कुठल्या कॉलेजचा कटऑफ किती, कुठे पॅकेज किती मिळतं, कशाला स्कोप आहे, कशाला नाही. काल जेवताना तो म्हणाला, "मावशी, हे सगळं कळलं. पण नोकरी लागल्यावर माणूस दिवसभर नेमकं करतो काय?"

मी बँकेत बावीस वर्षं काढली. त्याला म्हटलं, गृहकर्जाची प्रकरणं बघते. तो म्हणाला, "बघते म्हणजे काय करतेस?" तेव्हा पहिल्यांदा नीट विचार करून सांगावं लागलं. दुपारी अडीचला माझ्यासमोर एक फाइल उघडी असते. करारनामा, इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, पगाराच्या स्लिपा, सोसायटीचं पत्र, असे शंभर-सव्वाशे कागद. जे आहेत ते वाचायला फार वेळ लागत नाही. जो असायला हवा आणि नाही, तो ओळखायचा, हे माझं काम. मधल्या एका विक्रीचा दस्तच फायलीत नसतो आणि तो नाही हे कुणी आपणहून सांगत नाही. हे ऐकताना त्याचा घास हातातच राहिला.

म्हणून विनंती. तुमचा एक साधा मंगळवार लिहा. सोमवारी सगळीकडे गडबड आणि शनिवारी सगळे घाईत, म्हणून मंगळवार. किती वाजता सुरू होतो, हात काय करत असतात, कशाचा कंटाळा येतो, कशात जीव रमतो. पगार लिहू नका, ते आकडे त्याला सगळीकडून ऐकायला मिळताहेत. तोही इथे वाचणार आहे.

पाणीवाला · सोमवार, सकाळी १०.०५

ताई, मी इथं नुसता वाचत असतो, लिहीत नाही. हे वाचून लिहावंसं वाटलं. मी पाणी सोडतो. आमच्या भागात लोक चावीवाला म्हणतात.

मंगळवार काय आणि रविवार काय, मी पावणेचारला उठतो. सव्वाचारला पहिला व्हॉल्व्ह. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. चेंबरचं झाकण ओढायचं, चावी आत सोडायची आणि व्हॉल्व्हचं डोकं खोबणीत बसलं का ते हाताला कळू द्यायचं. आता पावसाळ्यात चेंबर पाण्यानं भरलेला असतो, आत काही दिसत नाही. सगळं चावीतून कळतं.

मग आटे मोजायचे. प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे वेगळे. एक चौदा आट्यांत पूर्ण उघडतो, पलीकडचा बावीस घेतो. आधी दोन आटे द्यायचे आणि थांबायचं. रिकाम्या लाइनीत हवा भरलेली असते, ती फुसफुसत बाहेर पडते. तो आवाज कमी झाला की पुढचे आटे. नवखा माणूस एकदम उघडतो. पाणी हवेला ढकलत जातं, वळणावर आदळतं आणि जॉइंट सुटतो. मी नवीन असताना हे केलंय. एका चढाच्या गल्लीत सकाळी सहाला रस्त्यातून कारंजं उडालं. दुपारपर्यंत खणत होतो आणि सगळ्या गल्लीला टँकर लागला. त्या दिवसापासून हात कधी घाई करत नाही.

साडेपाच ते आठ एक भाग, मग तो बंद करून दुसरा. बंद करतानाही आटे मोजायचे, कारण एक आटा कमी पडला तर खालच्या भागातच पाणी ओढलं जातं आणि चढावरच्या शेवटच्या घरी धार लागत नाही. तिथल्या आजींचा नंबर माझ्याकडं आहे. साडेसहाला फोन करतो, "आजी, आलं का?" त्यांच्याकडं आलं म्हणजे मधल्या सगळ्यांकडं आलं.

पेपरात येतं ना, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबानं येईल. तो शुक्रवार आमच्यासाठी गुरुवारी रात्रीच सुरू होतो. रिकामी झालेली लाइन सावकाशच भरावी लागते.

पोराला एक सांगतो. सिव्हिल घेतलंस तर नकाशा वाचायला शिकवतील. पण रस्ता नवा केला की किती तरी चेंबर डांबराखाली जातात. नकाशात असतात, रस्त्यावर दिसत नाहीत. आम्ही सळई आपटत जातो, पोकळ आवाज आला की तिथं खणतो. नकाशा आणि सळई दोन्ही येणारा इंजिनिअर मला अजून भेटायचाय. तू हो.

कसबेकर · सोमवार, सकाळी ११.३०

पाणीवाला दादा, मनापासून धन्यवाद. आमच्या घरात १२ जुलै १९६१ ची आठवण अजून निघते. पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं तेव्हा आजी विशीत होती. ती म्हणायची, नदी दारात आली आणि नळ कोरडा पडला. पाणी कुणी तरी आणून सोडतं तेव्हा येतं, हे तिला त्या आठवड्यात कळलं. ती शेवटपर्यंत पहिली कळशी भरली की नळाला नमस्कार करायची.

तिसरा_मजला · सोमवार, दुपारी १.१५

हिंजवडी, फेज दोन. सॉफ्टवेअर टेस्टिंग, नऊ वर्षं. आमचं काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विमा कंपनीसाठी चालतं.

वारज्याहून पावणेदहाला निघते, अकरापर्यंत पोचते. रात्री नवीन बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आलेलं असतं. आधी कालच्या चुका खरंच दुरुस्त झाल्यात का ते तपासायचं, मग ती दुरुस्ती करताना शेजारचं काही मोडलं का ते. हे दुसरं जास्त वेळ खातं. तेच फॉर्म, तेच रकाने. बरंचसं आता आपोआप चालतं, पण जे चाललं ते नीट चाललं का, हे बघायला माणूसच लागतो.

जीव रमतो तो अशा कामात: परवा एका ग्राहकाचा हप्ता चुकीचा येत होता, फक्त एकाचाच. डेव्हलपर म्हणाला, माझ्याकडे बरोबर येतोय. मी दोन ते पाच त्या एका माणसाची माहिती एकेक रकाना बदलून भरत बसले. गाव बदललं, चूक तशीच. रक्कम बदलली, तशीच. जन्मतारीख बदलली आणि हप्ता बरोबर आला. तो माणूस २९ फेब्रुवारीचा होता. साध्या वर्षात त्याचा वाढदिवस सापडतच नव्हता, म्हणून त्याचं वय एक वर्ष कमी धरलं जात होतं. मग ही चूक दुसऱ्या कुणालाही जशीच्या तशी करून बघता येईल अशा पायऱ्या लिहून काढायच्या. ते लिहिता येणं हे या कामातलं मोठं कौशल्य आहे.

साडेसहाला तिकडे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा कॉल. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाने मागे जातात आणि आमचा कॉल साडेसातला सरकतो. तेव्हापासून मार्चपर्यंत मी घरी पोचते तेव्हा मुलगी झोपलेली असते. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगतेय.

बार्शीकर_१८ · सोमवार, दुपारी १.४०

नमस्कार, तो भाचा मीच. सगळ्यांचे आभार. ताई, दिवसभरात प्रत्यक्ष कोड किती वेळ लिहिता? मला सगळे कॉम्प्युटरच घे म्हणतात.

तिसरा_मजला · सोमवार, दुपारी २.०५

मी तासभर, तपासण्या आपोआप चालवण्यापुरता. शेजारचा डेव्हलपर दोन-तीन तास. बाकीचा वेळ दुसऱ्यानं लिहिलेलं वाचण्यात आणि माणसांना विचारण्यात जातो. दुसऱ्याचं लिहिलेलं तासन् तास वाचायला आवडेल का, हे आधी स्वतःला विचार. कोड लिहायला काय, शिकता येतं.

साडेआठ · सोमवार, सायंकाळी ५.५०

निवृत्त आहे. शिवाजीनगरला हवामान खात्यात निरीक्षक होतो. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले.

आमच्या दिवसाचा कणा म्हणजे सकाळची साडेआठची नोंद. सव्वाआठला वही घेऊन बाहेर पडायचे. हिरवळीवर चार पायांवर उभी, झडपांची पांढरी लाकडी पेटी असते. तिचे दार उत्तरेला, म्हणजे उघडले तरी ऊन आतल्या तापमापकांवर पडत नाही. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळलेली असते, ती स्वच्छ आणि भिजलेली आहे ना ते आधी बघायचे.

मुला, आता एक बारकावा सांगतो. तापमापक वाचताना आधी दशांश वाचायचा, पूर्ण अंश नंतर. कारण तुम्ही दार उघडून जवळ उभे राहिलात की तुमच्या अंगाची आणि श्वासाची ऊब आत जाते आणि पारा हलू लागतो. २४.६ मधला ६ आधी पकडायचा. २४ कुठे पळून जात नाहीत. मला पहिल्या दिवशी ज्येष्ठ निरीक्षकांनी श्वास रोखून उभे राहायला लावले होते. तीस वर्षे मी तसाच उभा राहिलो.

मग पर्जन्यमापक. बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचे. पेपरात 'गेल्या २४ तासांत' लिहितात ते २४ तास साडेआठ ते साडेआठ असतात. त्यामुळे मंगळवारी सकाळी नऊला कोसळलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात येतो, आणि लोक विचारतात, काल तर कोरडे होते! अडीच मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. ६४.५ च्या पुढे गेला की मुसळधार. मग मान वर करून आकाशाचे मनात आठ भाग पाडायचे आणि किती भाग ढगांनी झाकले आहेत ते लिहायचे. शेवटी हे सारे पाच-पाच आकड्यांच्या गटांत बांधून पाठवायचे. पुण्याचा क्रमांक ४३०६३. तो मी अजून झोपेतही सांगेन.

एकदा जुलैमध्ये बाटलीत चारच मिलिमीटर पाणी निघाले आणि बाहेर रस्ता तुंबलेला. नरसाळ्यात पान अडकले होते. जवळच्या केंद्राचा आकडा बघून थोडे वाढवून लिहावे, असे क्षणभर मनात आले. लिहिले नाही. जे मापात आले ते लिहिले आणि पुढे शेरा मारला, नरसाळे बंद आढळले. पन्नास वर्षांनी कुणी तो तक्ता उघडेल तेव्हा त्याला खरे काय घडले ते कळायला हवे.

कंटाळा म्हणशील तर रात्री अडीचची नोंद. हिवाळ्यात ओस पडलेल्या आवारात बॅटरी घेऊन जायचे, आणि आकडे बहुधा कालच्यासारखेच. पण कालच्यासारखेच आहेत हेही कुणी तरी जाऊन बघावे लागते. आता बरीच केंद्रे स्वयंचलित झाली आहेत. भौतिकशास्त्र आवडत असेल तर बी.एस्सी.ला कमी लेखू नकोस.

व्हाउचर · सोमवार, रात्री ८.३०

टिळक रोडवर सीएची प्रॅक्टिस आहे. धागा चांगला चाललाय, पण एक भर घालतो. इथे सगळे आपला पंधराव्या वर्षाचा दिवस लिहिताहेत. मुलाला आधी पहिल्या वर्षाचा दिवस जगायचाय, आणि तो फार वेगळा असतो.

आमच्याकडे मंगळवारपेक्षा तारीख महत्त्वाची. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. आज माझा दिवस क्लायंटशी बोलण्यात, नोटिशींची उत्तरं लिहिण्यात आणि इतरांचं काम तपासण्यात जातो. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, पहिल्या वर्षी मात्र मी आठ महिने फक्त जुळवण्या केल्या. बँकेचं स्टेटमेंट एका बाजूला, टॅलीतल्या नोंदी दुसऱ्या बाजूला, पेन्सिलीनं एकेक खूण. रविवार पेठेतला एक व्यापारी बिलं कापडी पिशवीत आणून द्यायचा. ती टेबलावर ओतून तारखेप्रमाणे लावणं हाच एक अख्खा दिवस. तेव्हा वाटायचं की हे काय शिकणं झालं? आता एखाद्या ताळेबंदात कुठला आकडा खोटा वाटतो ते नजर टाकताच कळतं, ते त्या पिशवीमुळे. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. माझ्या मते पिशवी उपसायला तेवढा काळ कमीच पडतो, पण यावर आमच्यातच दुमत आहे.

पुढे लिहिणाऱ्यांना विनंती, पहिलं वर्षही लिहा.

रातराणी · मंगळवार, सकाळी ९.१०

आत्ताच नाइट संपवून आले. एका खासगी रुग्णालयात आयसीयूत नर्स आहे.

रात्री आठला हँडओव्हर. तो टेबलाशी बसून होत नाही, बेडशेजारी उभं राहून होतो. कुठलं औषध किती वेगानं चालू आहे, कुठली नळी कुठे गेलीय, शेवटची लघवी किती, नातेवाइकांना काय सांगितलंय. मग दर तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचं माप, सगळं चार्टवर. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. व्हेंटिलेटरवरच्या ऐंशी किलोच्या माणसाला नळ्या न ओढता वळवणं हे दोघींचं काम. तिसरी नसली तर पाय कुणी धरायचे हा प्रश्न असतो.

पहिल्या वर्षाचं विचारलंत. माझी नोकरीची सहावी रात्र. ब्लडप्रेशरचं औषध सिरिंज पंपावर लावायचं होतं, ताशी १.४ मिली. मी १४ दाबलं. सुरू करण्याआधी दुसऱ्या नर्सनं तपासायचं असा नियम आहे. सिनियर सिस्टर आल्या, पंप बघितला, आकडा बदलला आणि एवढंच म्हणाल्या, "मोठ्यानं वाच." मी वाचलं, एक पॉइंट चार. त्या म्हणाल्या, "पुन्हा." आज अकरा वर्षं झाली, मी प्रत्येक पंपाचा आकडा मोठ्यानं वाचते. नवीन मुलींनाही वाचायला लावते. त्या माणसाला नंतर चालत घरी जाताना मी पाहिलंय.

पहाटे चार ते पाच सर्वांत कठीण. डोळे मिटतात आणि नेमकं तेव्हाच काही तरी बिघडतं. साडेपाचला रक्ताचे नमुने, सहाला स्पंजिंग. बेशुद्ध माणसालाही मी नाव घेऊन सांगते, "काका, आता तोंड पुसते हं." ऐकू येत असेल नसेल, पण न सांगता कुणाच्या अंगाला हात लावू नये.

ऑप्शन फॉर्ममध्ये नर्सिंग नाही हे माहीत आहे. तरी लिहिलं, कारण मुलगे या कामात कमी येतात आणि वळवायला ताकद लागते. आता झोपते.

लेक · मंगळवार, दुपारी १२.४५

मी कॉलेजात आहे. आईचा दिवस लिहितेय, ती सांगतेय आणि मी टाइप करतेय. आई पेशंट सांभाळते, ब्युरोमार्फत. सकाळी आठ ते रात्री आठ. कोथरूडला एक आजोबा आहेत, त्यांना पार्किन्सन्स आहे. आज तिची सुट्टी आहे म्हणून हे जमतंय.

आई म्हणते, दिवस गोळीवर चालतो. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. ती लागू झाली की आजोबा चालतात, बोलतात, पेपर वाचतात. तिचा अंमल उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दारात तर हटकून अडतात. ओढलं की पडतात. आईनं फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून घेतलं आणि बेडपासून बाथरूमपर्यंत फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. ती पुढे उलटी चालते आणि म्हणते, "आजोबा, ही ओलांडा. आता ही." एकूण अकरा रेघा आहेत.

सकाळी साडेआठला मुलाचा कॅलिफोर्नियातून व्हिडिओ कॉल येतो. त्याआधी आई त्यांची दाढी करते आणि इस्त्रीचा सदरा घालते. ते आजोबांनी सांगितलेलं नाही, तिचं तिनंच ठरवलंय.

तक्रार एकच. ब्युरो दर महिन्याला मोठा वाटा कापून घेतो आणि एका सुट्टीचे दोन दिवस कापतो. आई म्हणते हे लिही, पण नाव नको.

तिला कुणी विचारलं की ती 'घरकाम करते' सांगते. हे घरकाम नाही, असं मला इथे लिहून ठेवायचंय.

साडेआठ · मंगळवार, दुपारी १.००

बाळ, आईंना माझा नमस्कार सांग. माझ्या पत्नीला हाच आजार होता. रेघांची युक्ती मला तेव्हा माहीत असती तर फार बरे झाले असते.

मोडीवाचक · मंगळवार, दुपारी ३.२०

थोडक्यात लिहितो. जुनी मोडी कागदपत्रं वाचून देतो. महिन्यातले काही दिवस पेशवे दफ्तरात, म्हणजे पुणे पुरालेखागारात, बाकी घरी. कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. गाठ सोडली की आधी वास येतो.

मोडीत आधी सगळ्या ओळीवर रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपतो हे अर्थावरून ठरवावं लागतं. तारीखही सरळ नसते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, शुहूर सन ११६१. हे साल मृगापासून सुरू होतं, इसवी सनात १७६०-६१. पानिपताचं साल. तो कागद एखाद्या गावच्या विहिरीच्या वाटणीचाही असू शकतो, आणि बहुधा तसाच असतो.

पहिलं वर्ष: दिवसाला एक पान, तेही निम्मं चुकीचं. आता आठ-दहा पानं होतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या कामामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. माणसं पणजोबाच्या नोंदीचा फोटो घेऊन येतात, तेव्हा माझ्या एका अक्षरावर त्यांचं बरंच काही अवलंबून असतं. अक्षर लागलं नाही तर मी 'वाचता येत नाही' असंच लिहून देतो. त्यावर भांडणंही होतात.

मायक्रॉन · मंगळवार, सायंकाळी ५.४५

भोसरी एमआयडीसी. टर्नरचा आयटीआय, आता सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं मशीन कामाला लावून देणारा. पहिली पाळी, सात ते साडेतीन.

पहिलं वर्ष आधी सांगतो. मशीनला हात लावू दिला नाही. बुरी, म्हणजे कडेची कुसळं काढायची, चिप्स, म्हणजे धातूचा कीस, भरायचा आणि मापं घ्यायची. उस्ताद एकच शाफ्ट पाचदा मोजायला लावायचे. पाचही मापं सारखी आली तरच पुढचा. मला राग यायचा.

आता साधा मंगळवार. पावणेसातला कार्ड पंच, रात्रपाळीवाल्याकडून मशीनचं गाऱ्हाणं ऐकायचं. मग पहिला पीस काढून क्वालिटीकडे. तो पास झाल्याशिवाय लॉट सुरू नाही. सध्या ५० मिलिमीटरचा शाफ्ट चालू आहे, एच-सिक्स फिट. म्हणजे ५० च्या वर काही नाही आणि खाली फक्त १६ मायक्रॉनची सूट. केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत गेला की शाफ्ट जाड होत जातो, मग ऑफसेट द्यायचा, म्हणजे तेवढा फरक मशीनमध्ये भरायचा. किती पीसनंतर द्यायचा हे कागदावर आहे, पण आवाज आधी सांगतो. कापताना एकसारखी शीळ असते, ती फाटायला लागली की मी मोजायला उठतो.

नवीन मुलं एक चूक हमखास करतात. पीस मशीनमधून काढला की गरम असतानाच मोजतात. ५० चा शाफ्ट २० अंशांनी गरम असेल तर माप १०-१२ मायक्रॉन जास्त येतं. ते बघून ऑफसेट देतात, आणि पीस गार झाला की कमी भरतो. सगळा लॉट भंगारात. मीही सुरुवातीच्या काळात एकोणचाळीस पीस असे घालवलेत. त्यातला एक घरी आहे. मुलगा त्याच्यावर अक्रोड फोडतो.

कंटाळा लॉट मोठा असला की येतो, एकच पीस चारशे वेळा. कूलंटचा वास कपड्यांतून जात नाही, घरी वेगळी बादली आहे. पण ड्रॉइंगवर नुसती रेघ असते, दुपारपर्यंत ती वस्तू हातात येते, आणि तिच्यावर मोटार चालते. यात माझा जीव रमतो, वीस वर्षं रमलाय.

भाच्याला मेकॅनिकल घ्यायचं असेल तर आधी एकदा येऊन बघू दे. मालकांना विचारलंय, ते हो म्हणाले. फक्त गुरुवारी येऊ नको, आम्हाला गुरुवारी सुट्टी.

बार्शीकर_१८ · मंगळवार, रात्री ९.००

सगळे दोनदा वाचले. मावशीने काही पोस्ट प्रिंट काढून फ्रिजवर लावल्यात.

आमच्याकडे बार्शीला वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मला ते काम कधी दिसलंच नाही, म्हणजे रोज समोर होतं पण विचारलं नव्हतं. आज त्यांना फोन करून विचारलं, तुमचा मंगळवार सांगा. ते आधी म्हणाले, काय झालं, तब्येत बरी आहे ना? मग पाऊण तास बोलले. जळलेल्या मोटरीतल्या तारेचे वेढे मोजूनच काढायचे, कारण तितकेच परत घालायचे असतात. वास घेऊन त्यांना कळतं वाइंडिंग जळालंय का. अठरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

फॉर्म भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल, अजून ठरत नाही. मायक्रॉन काका, उद्या आलो तर चालेल का? आणि पाणीवाला दादा, तुमच्याबरोबर एकदा पहाटे आलो तर तुमच्या कामात अडचण होईल का?

पाणीवाला · मंगळवार, रात्री ९.१०

परवा नको, गुरुवारी बंद आहे. शनिवारी ये. सव्वाचार म्हणजे सव्वाचार. चहा मी आणतो.

मायक्रॉन · मंगळवार, रात्री ९.२५

ये. सव्वासहाला नाशिक फाट्याच्या बस स्टॉपवर थांब, मी गाडीवर घेतो. बूट घाल, चप्पल आत चालत नाही. शर्ट अर्ध्या बाहीचा. हातात दोरा, कडं काही असेल तर काढून ये. आणि येताना वडिलांना विचारून ये, ते तार कशानं मोजतात. आपण दोघं मिळून मायक्रोमीटरवर मोजून बघू.